चार कमी

ड्वेन केसिंजर जुलैत आला तेव्हा लोवेल टॅकेट मागच्या अंगणात बायकोचे कामाचे शर्ट वाळत घालत होता. व्हर्ना जाऊन तीन महिने झाले होते. शर्ट घालायला कोणी नव्हतं, तरी त्यानं ते पुन्हा धुतले होते. क्लचच्या चकत्यांची काळी धूळ तिच्या शर्टांच्या शिवणींत जाऊन बसायची आणि एकतीस वर्षं ती तोच धूत आला होता. फुप्फुसं कशानं गेली ते ठामपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लोवेलनं वाद घातला नाही. धुतल्यावर टबातलं पाणी कसं दिसायचं ते त्याला माहीत होतं.

ड्वेनच्या हातात बायकोनं भाजून दिलेला पीचचा केक होता.

"बरा आहेस ना रे, लोवेल?"

"उभा आहे."

"कुणाचे शर्ट?"

"तुला ओळखू यायला हवेत. सात वर्षं तुझंच नाव होतं त्यांच्या पाठीवर."

ड्वेन हसला. अवघड वेळी हसायची त्याला सवयच होती. दोघं आत आले. स्वयंपाकघरात ड्वेन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला, तसं लोवेल म्हणाला, "ती नको." तो उठून दुसरीवर बसला आणि मुद्द्यावर आला.

"मिल क्रीकच्या ट्रॅकवाल्यांशी बोललोय मी. सप्टेंबरच्या शर्यतीत, रविवारी सकाळी, पहिल्या फेरीच्या आधी व्हर्नासाठी एक धाव. माझी गाडी एकटी जाईल, शेजारची लेन रिकामी. आजवर हा मान तिथं फक्त ड्रायव्हरांना मिळालाय. गाडी लावून देणाऱ्या क्रू चीफला कधीच नाही."

"मग?"

"मला वाटतं, ती धाव तिच्या स्वतःच्या आकड्यांवर व्हावी. तिची वही असेल ना अजून?"

लोवेलनं केकवरचं फडकं नीट केलं. तो दर आठवड्याला शर्यतींचं वर्तमानपत्र वाचत असे. ड्वेनची गाडी त्या उन्हाळ्यात लागोपाठ तीन शर्यतींत पहिल्याच फेरीत टायर फिरवून बाहेर पडली होती. तिन्ही वेळा ट्रॅक तापलेला होता. तापलेल्या ट्रॅकवर गाडी कशी न्यायची हे व्हर्नाइतकं कोणालाच जमलं नव्हतं, आणि ती सगळी पानं त्या वहीत होती.

"त्या एका धावेपुरती?"

"मग दिवसभर तेच आकडे ठेवू की. तिच्याच नावानं."

"गाडी कोण चालवणार?"

"रेने. माझी पोरगी. दुसरं कोण?"

लोवेल उठला आणि गॅरेजमध्ये गेला.

व्हर्ना गाईगुरांच्या घरातली. बापाचा दुधाचा धंदा होता, चाळीस गाई, आणि दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचं काम बारा वर्षांची असल्यापासून तिच्याकडं. त्या यंत्रावर एक लहानशी झडप असते. ती हवा सोडते, थांबते, सोडते, थांबते. गाईला दुखू नये म्हणून. नायट्रो या जहाल इंधनावर धावणाऱ्या गाडीचंही दुखणं तेच, असं व्हर्नाचं म्हणणं. पाव मैल जायचं ते पाच सेकंदांत. इंजिनात ताकद एवढी, की ती सगळी एकदम चाकांना दिली तर टायर जागच्या जागी फिरतात, धूर होतो आणि शर्यत तिथंच संपते. ताकद हळूहळू सोडायची ती क्लचनं. त्या काळी लोक क्लच लावून देवावर हवाला ठेवत. व्हर्नानं बापाच्या गोठ्यातली एक जुनी झडप आणली, क्लचच्या दांड्याला जोडली आणि क्लचला पायरी पायरीनं धरायला शिकवलं. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पहिल्यांदा गाडी अशी सुटली तेव्हा पिटमधले, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेतले, लोक हातातलं काम टाकून बघायला आले होते.

ड्वेन त्या गाडीचा मालक होता. इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यांना गाडी दाखवायचा. एक्क्याण्णवला अजिंक्यपद मिळालं तेव्हा टीव्हीवर त्यानं सांगितलं, की ही कल्पना त्याला एका रविवारी चर्चमध्ये प्रवचन ऐकताना सुचली. व्हर्ना घरी बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "ड्वेन चर्चमध्ये झोपतो," आणि भांडी घासायला गेली. त्यानंतर पंधरा दिवसांत कार्यशाळेचं कुलूप बदललं. तिची हत्यारं हॉलिस प्रुइटनं खोक्यात घालून घरी आणून दिली. हॉलिस तिच्या हाताखाली चकत्या कापायचा. दारात उभा राहून त्यानं मान वर केली नाही. घरी चार पोरं होती, तो ड्वेनकडंच राहिला.

व्हर्ना मग दुसऱ्या मालकांच्या गाड्या तयार करू लागली. पुढं शर्यतींच्या संग्रहालयात ती झडप काचेच्या पेटीत ठेवली, खाली ड्वेनचं नाव. व्हर्ना एकदा बघून आली. लोवेलनं विचारलं, कशी वाटली. म्हणाली, "उलटी लावलीय."

लोवेलला तेव्हापासून ड्वेनचं वाईट करायचं होतं. नेमकं काय, ते ठरत नव्हतं. ती होती तोवर म्हणायची, सोड रे, मला पुढच्या शर्यतीचं काम आहे. आता सोड म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं.

गॅरेजमधल्या खणात वही होती आणि वहीशेजारी तिचा मायक्रोमीटर. चकतीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचं ते हत्यार. तिच्या बापाचंच. ते खोटं बोलायचं. चकती दोनशे शहाण्णवची असली तर ते तीनशे दाखवायचं. दरवेळी चार जास्त, कधी तीन नाही, कधी पाच नाही. हे व्हर्नाच्या लक्षात आलं तोवर तीनशे धावांचे आकडे वहीत चढले होते. दुसऱ्या कोणी एका मिनिटात ते हत्यार नीट करून घेतलं असतं. व्हर्ना म्हणाली, "रोज एकच खोटं बोलतो, मला तेवढं पुरे. आता त्याला खरं बोलायला लावलं तर माझी वही खोटी होईल." आणि तशीच पुढं लिहीत राहिली.

त्यामुळं तिच्याकडं चकत्या कापायला जो येई त्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवली जाई. तिनं ट्रकच्या दारातून आकडा सांगायचा, "तीनशे," आणि आतून सगळ्यांनी ओरडायचं, "चार कमी." मग त्याची थट्टाच झाली. कॉफीत साखर किती घालू विचारलं तरी चार कमी. हॉलिसला चौथं पोर झालं तेव्हा पुठ्ठ्यावर हेच लिहून ट्रकवर लावलं होतं.

लोवेलनं वही घेतली. मायक्रोमीटर खणात राहू दिला.

"आकडे सगळे यात आहेत," त्यानं ड्वेनला सांगितलं. ते खरं होतं.

ड्वेननं वही दोन्ही हातांनी घेतली. "आपल्यात जे झालं ते झालं, लोवेल. माणूस गेल्यावर तरी..."

"केक घेऊन जा. मला गोड चालत नाही," लोवेल म्हणाला. तेही खरं होतं.

ऑगस्टभर तो हिशेब करत होता. एका क्लचमध्ये पाच चकत्या. प्रत्येक चार हजारांश जाड, म्हणजे सगळी थप्पी वीस हजारांश जाड. जाड थप्पी लवकर धरते. लवकर धरली की टायर फिरतात, धूर होतो, गाडी थांबते. बास, एवढंच. चाळीस हजार लोकांसमोर, लाउडस्पीकरवर नाव घेऊन, मानाच्या धावेत ड्वेन केसिंजरची गाडी साठ फुटांवर धूर काढत उभी राहील. कोणाला खरचटणारही नाही. हे त्यानं स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. तो इंजिनिअर नव्हता. व्हर्नाच्या गाडीचा ट्रक चालवायचा, टायर लावायचा, शर्ट धुवायचा. पण तीस वर्षं बघितलं होतं.

रविवारी मिल क्रीकला सकाळी नऊ वाजताच डांबर तापलं होतं. लोवेलला निळा कोट घालावा लागला, कारण त्याला पाहुण्यांच्या गच्चीवर बसवणार होते. वर जाण्याआधी तो रांगेपाशी गेला. गाड्या एकामागं एक उभ्या होत्या. रेने केसिंजर अग्निरोधक कपडे कमरेपर्यंत चढवून उभी होती. सव्वीस वर्षांची. त्याला बघून ती पळत आली आणि गळ्यात पडली.

"लोवेल अंकल. मी रात्री आईला म्हटलं, मला झोप येत नाहीये. व्हर्नाच्या आकड्यांवर बसतेय मी आज."

"हं."

"मला स्पार्क प्लग बघायला तिनं शिकवलं, माहितीये ना? नऊ वर्षांची होते. बाबा हाकलायचे, ती हातात भिंग द्यायची. म्हणायची, बघ, काय म्हणतोय तो."

"माहितीये."

आकडा सांगायचा असता तर तिथं सांगता आला असता. ती समोर उभी होती, धावेला अजून वेळ होता. लोवेल म्हणाला, "पट्टे घट्ट बांध."

"नेहमीच बांधते," रेने म्हणाली, आणि त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिली.

गच्चीवरून सगळं दिसत होतं. लाउडस्पीकरवर निवेदकानं व्हर्ना मे टॅकेट हे पूर्ण नाव घेतलं. लोक उभे राहिले, टोप्या काढल्या. शेजारची लेन रिकामी होती. गाडीनं टायर तापवले, मागं आली, रेषेवर लागली. ड्वेन मागं उभा राहून हातानं खुणा करत होता, व्हर्ना करायची तशाच. लोवेलनं खुर्चीचे हात धरले. आता होऊ दे, असं त्याच्या मनात आलं. तिचं नाव इतक्या माणसांसमोर घेतलं जात होतं आणि त्याच्या मनात एवढंच होतं.

हिरवा दिवा लागला. गाडी सुटली, साठ फूट गेली, आणि दोन्ही टायर फिरले. पांढऱ्या धुरात गाडी दिसेनाशी झाली. आवाज खाली आला. रेनेनं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला होता. मग गाडी धुरातून नुसती घरंगळत बाहेर आली आणि लोकांनी सभ्यपणानं टाळ्या वाजवल्या.

लोवेलला हसू आलं. त्यानं ते दाबलं नाही.

खाली ड्वेनच्या हातात कोणीतरी माइक दिला.

"काय बोलू," ड्वेन म्हणाला. "आम्ही तिच्या वहीतले आकडे जसेच्या तसे लावले. अगदी जसेच्या तसे. व्हर्ना तिच्या काळात चांगलंच काम करायची. पण काळ बदलतो. ती आज असती तर तीच म्हणाली असती, ड्वेन, तुझे आकडे लाव." लोक हसले. आपुलकीनंच हसले. "देव तिला शांती देवो. पहिल्या फेरीत आम्ही आमच्या आकड्यांवर येऊ."

गच्चीवरच्या एका बाईनं लोवेलच्या हातावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. भावना महत्त्वाची."

लोवेल जिना उतरला. अजून त्याला नीट कळलं नव्हतं. ते पिटमध्ये गेल्यावर कळलं.

तिथं तिकीट घेतलेला कोणीही माणूस गाडीच्या दहा फुटांवर, दोरीबाहेर उभा राहून काम बघू शकतो. पाऊण तासात अख्खं इंजिन उघडून पुन्हा बांधतात, ते बघायला गर्दी होते. ड्वेनच्या दोरीपाशी पाच-सहा रांगा होत्या. लोवेल मागं उभा राहिला. पुढं दोन माणसं बोलत होती, एक टोपीवाला, एक जाडजूड.

"मी म्हणत होतो ना. क्लच ड्वेनचाच. बाईचं उगीच नाव केलं."

"चकत्या कापायची म्हणे ती."

"तेच तर. आज कळलं ना, डोकं कुणाचं होतं."

सबंध उन्हाळा लोवेलनं ड्वेनसाठी खड्डा खणला होता आणि त्यात व्हर्नाला ढकललं होतं. तेही तिचं नाव लाउडस्पीकरवर असताना.

त्यानं टोपीवाल्याला बाजूला केलं आणि दोरीखालून आत गेला. आत कोणी येत नसतं. एक कामगार म्हणाला, "ओ साहेब," पण हॉलिसनं त्याला हातानं थांबवलं. हॉलिस क्लच उतरवून बसला होता, पाच चकत्या पुढ्यात मांडलेल्या. केस पांढरे झाले होते.

"लोवेल," ड्वेन म्हणाला. "वाईट वाटलं रे. आम्ही मनापासून प्रयत्न केला."

"मोजल्या कुणी चकत्या?"

"हॉलिसनं. मी स्वतः शेजारी उभा होतो."

"आणि तू काय सांगितलंस त्याला?"

"वहीत आहे तसं काप. तसूभर इकडं-तिकडं नको. माझ्यापरीनं मान ठेवला मी तिचा."

हॉलिस चकतीकडं बघत म्हणाला, "मी विचारलं होतं, जसंच्या तसं का? दोनदा विचारलं."

"हो, विचारलंस. मग?"

लोवेल म्हणाला, "ड्वेन, सात वर्षं ती तुझ्या ट्रकमध्ये काम करत होती. हा क्लच तू एकट्यानं केलास असं टीव्हीवर सांगितलंस. मग मला एक सांग. तिचा मायक्रोमीटर कसा होता?"

"कसा म्हणजे? मायक्रोमीटरसारखा."

"बरोबर दाखवायचा?"

"न दाखवायला काय झालं? लोवेल, हे बघ, माझ्याकडं एक तास आहे."

दोरीबाहेरची कुजबुज थांबली होती. लोवेल हॉलिसकडं वळला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण तिथं आता तोच ऐकू येत होता.

"हॉलिस. तीनशे."

हॉलिसनं हातमोजे काढले. "चार कमी," तो म्हणाला.

शेजारच्या पिटमध्ये दुसऱ्या संघाचा एक टकला माणूस टायरवर बसून सँडविच खात होता. तो उठला. "चार कमी," तोही म्हणाला. "मी सत्त्याऐंशीत होतो तिच्याकडं." पलीकडच्या ट्रकच्या दारातून आणखी एक जण म्हणाला. मग त्याच्या मागून एक. ज्यांनी तिच्यासाठी कधीतरी चकत्या कापल्या ते सगळे आता वेगवेगळ्या मालकांच्या रंगीत शर्टांत होते, आणि गाड्यांच्या मधून एकेक जण तेच बोलत होता, काही जण हसत, काही जण न हसता.

टोपीवाल्यानं हॉलिसला विचारलं, "चार कमी म्हणजे काय हो?"

"तिचं मोजायचं हत्यार चार जास्त दाखवायचं," हॉलिस म्हणाला. "वहीतल्या प्रत्येक आकड्यातून चार वजा करायचे. तिच्या हाताखाली एक दिवस काम केलेल्यालाही ते माहीत असतं."

"एक दिवस," टकला म्हणाला. "मी तर दुपारीच शिकलो. जेवणाआधी."

लोक हसले. या वेळी आपुलकी नव्हती.

ड्वेनचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. मग हळूच, फक्त लोवेलला ऐकू येईल असा म्हणाला, "ओरडायचे ते मी ऐकायचो. मला वाटलं थट्टा आहे."

"सात वर्षं ऐकलंस. एकदाही विचारलं नाहीस."

"म्हणजे तुला हे माहीत होतं. जुलैत. वही देतानाच."

"हो."

"आणि तू," ड्वेन हॉलिसकडं वळला. "माझा पगार घेतोस."

"मी वहीप्रमाणं कापलं, साहेब. तसूभर इकडं-तिकडं केलं नाही."

लोवेलला वाटलं होतं, हा क्षण आला की छातीवरचं काहीतरी उतरेल. थोडं उतरलंही. ते खोटं नव्हतं. ड्वेन तिथं स्वतःच्या नावाच्या ट्रकसमोर उभा होता आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. लोवेलनं ते डोळे भरून बघितलं. असंच आणखी तासभर बघायला त्याची ना नव्हती.

पण रेने ट्रकच्या पायऱ्यांवर उभी होती. ती सगळं ऐकत होती. खाली उतरून ती सरळ लोवेलसमोर आली.

"सकाळी मी तुमच्या गळ्यात पडले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"नुसते टायर फिरणार होते, पोरी. जाड थप्पी लवकर धरते. त्यानं फक्त..."

"कुणी सांगितलं?"

"मी तीस वर्षं बघतोय."

"ट्रकमधून." ती मोठ्यानं बोलत नव्हती. "वीस हजारांश, अंकल. टायर फिरले नसते तर? ट्रॅकनं पकडून ठेवलं असतं तर? तो क्लच माझ्या पायांच्या मधे असतो. फुटला तर कुठं जातो ते तुम्ही बघितलंय. मिसुरीत व्हर्नाबरोबर तुम्हीच होतात ना?"

तो होता. मिसुरीतल्या त्या ड्रायव्हरचं नाव त्याला आठवत होतं. आता कुबडीवर चालतो.

"हॉलिस अंकल, तुम्हाला पण माहीत होतं."

हॉलिस म्हणाला, "मी वीस हजारांशांचा हिशेब केला होता बेटा. टायर फिरतीलच अशी खात्री होती. नाहीतर मी..."

"व्हर्नानं बसवलं असतं का मला? माहीत असून?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. व्हर्ना एकदा उपांत्य फेरीतून गाडी परत घेऊन आली होती, एक बोल्ट हाताला बरा लागला नाही म्हणून.

"माफ कर," लोवेल म्हणाला. मग खरं तेच बोलायचं म्हणून पुढं म्हणाला, "तुझ्या बापाचं वाईट मी पुन्हा करीन. तुला मधे घालून करणार नाही."

रेनेनं बापाकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. "पहिली फेरी साडेबाराला. ट्रॅक एकशे तीस अंश फॅरनहाइटवर आहे. वहीत एकशे तीसचं पान आहे का?"

"आहे," हॉलिस म्हणाला. "दोनशे एक्याण्णव."

"म्हणजे दोनशे सत्त्याऐंशी. कापा."

"रेने, आपण आपल्या आकड्यांवर जातोय," ड्वेन म्हणाला. "मी माइकवर सांगितलंय."

"तुमच्या आकड्यांवर मी तीनदा हरलेय, बाबा. आणि आत मी बसते." ती लोवेलकडं वळली. "एक अट आहे. सकाळी तुम्ही वर गच्चीवर बसला होतात. आता रेषेवर यायचं. व्हर्ना उभी राहायची तिथं. क्लचच्या बाजूला, हात लागेल इतक्या जवळ. आकडा बरोबर असेल तर काही होणार नाही."

"तिथं फक्त क्रूला परवानगी असते," ड्वेन म्हणाला.

"मग त्यांना शर्ट द्या."

हॉलिसनं ट्रकमधून एक शर्ट काढून दिला. पाठीवर केसिंजर लिहिलेलं. लोवेलनं निळा कोट काढला, तो शर्ट घातला आणि बटणं लावली. नाव पाठीवर होतं, त्याला स्वतःला दिसत नव्हतं, तेवढं बरं होतं.

साडेबाराला ते रेषेवर होते. शेजारच्या लेनमध्ये ओहायोची पिवळी गाडी. कानांवर आवरणं असूनही आवाज बरगड्यांत शिरत होता. इतक्या जवळ तो कधीच उभा राहिला नव्हता. ती राहायची, वर्षाला शंभर-दीडशे वेळा, आणि हा दूर ट्रकपाशी कॉफी ओतत असायचा. हाताच्या अंतरावर क्लचचं आवरण थरथरत होतं. त्यात पाच चकत्या होत्या, हॉलिसनं कापलेल्या, तिच्या आकड्याच्या. ते फुटलं तर पहिला लोवेलच होता. त्याला भीती वाटली आणि भीती वाटली म्हणून बरं वाटलं. गाडीच्या दुसऱ्या बाजूला, तितक्याच अंतरावर, ड्वेन येऊन उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

रेनेनं एकदा मान वळवून लोवेलला पाहिलं आणि पुढं बघितलं.

दिवा लागला. मधलं काही लोवेलला दिसलं नाही. गाडी होती आणि मग नव्हती. धूर झाला नाही. टायरांनी डांबर धरलं, पायरीनं, पायरीनं, पायरीनं, आणि तो आवाज एका सरळ रेषेत लांब जात राहिला. पिवळी गाडी अर्ध्यातच मागं पडली. पलीकडच्या टोकाला गाडी थांबवणारे दोन पॅराशूट उघडले. फलकावर वेळेचा आकडा लागला तेव्हा गर्दीतून जो आवाज उठला त्यावरून त्याला कळलं की चांगलाच असणार.

निवेदक त्या मोसमातली सर्वांत जलद धाव म्हणून सांगत होता. मग त्यानं कोणाच्या आकड्यांवर तेही सांगितलं. कोणीतरी पिटमधून वर कळवलं असणार. त्यानं नाव पूर्ण घेतलं आणि चार कमी म्हणजे काय तेही लोकांना समजावलं. समजावताना त्याचा थोडा घोळ झाला.

रेषेवर आता लोवेल आणि ड्वेन यांच्यामधे गाडी नव्हती. टायरांचे दोन काळे पट्टे होते आणि नायट्रोचा झोंबणारा धूर. ड्वेन ते पट्टे ओलांडून आला. डोळे लाल होते, पाणी गालांवर आलं होतं. नायट्रोनं सगळ्यांचंच तसं होतं. त्यानं हात पुढं केला.

"लोवेल. मी संग्रहालयात पत्र लिहीन. पाटी बदलायला सांगतो."

"आधी ती झडप सुलटी लावायला सांग," लोवेल म्हणाला.

हात तसाच पुढं होता. ड्वेनच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं आहे हे जवळून बघितलं असतं तर कळलं असतं. लोवेलला ते कळून घ्यायचं नव्हतं. त्यानं पाठीवर ड्वेनचं नाव असलेला शर्ट काढला, त्या पुढं केलेल्या हातात ठेवला आणि रेनेला आणायला निघालेल्या गाडीत हॉलिसशेजारी जाऊन बसला.